चार वर्षं कराटे, आणि ऐनवेळी हातच उचलला नाही

गिरणाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला कारण घडलं.

मुलगी नववीत आहे. पाचवीपासून कराटे. ब्राऊन बेल्ट झाला, भिंतीवर अकरा मेडल टांगलेली. आठवड्याला तीन दिवस क्लास. महिन्याची फी वेगळी, परीक्षेची वेगळी, नवीन पट्ट्याची वेगळी, स्पर्धेला गेलं की गाडीभाडं वेगळं. तक्रार नाही, हौसेनं केलं.

गेल्या गुरुवारी ट्यूशनवरून सायकलनं येत होती. साडेसात वाजले असतील. आमच्या कॉलनीच्या अलीकडच्या गल्लीतला खांबावरचा दिवा महिनाभर बंद आहे. तिथं मोटारसायकलवर दोन पोरं आली. मागचा उतरला, सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाला, "मोबाईल काढ." ही सायकल सोडून दोन पावलं मागं सरकली आणि नुसती उभी राहिली. तेवढ्यात कोपऱ्यावरचा मेडिकलवाला दारातल्या कुत्र्यावर खेकसला. तो आवाज आपल्यासाठीच आहे असं वाटून पोरं पळाली. मोबाईल वाचला, कुणाला खरचटलंही नाही.

घरी आली तेव्हा हात बर्फासारखे गार. ऑक्टोबरमध्ये, जळगावात! मी बोलून गेलो, "एवढं शिकलीस, एक लाथ तरी घालायचीस." ती काही बोलली नाही. आत जाऊन पडली. तेव्हापासून क्लासला गेलेली नाही.

आता सांगा, या सगळ्याचा रस्त्यावर खरंच उपयोग होतो का? की पट्टे, मेडलं आणि दहावीचे क्रीडागुण एवढ्यापुरतंच? बंद करून दुसरं काही लावू का?

भरीतप्रेमी | १०:१९

पहिला! शेव-मुरमुरे घेऊन बसलो आहे.

(पोरगी सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं, मगच मुरमुरे घेतले.)

लालमाती | १०:४१

भाऊ, राग मानू नका, पण कराटे म्हणजे हवेत हातवारे. समोर कोणी नसताना ओरडायचं, फरशी फोडायची, टाळ्या घ्यायच्या. फरशी उलटून मारत नाही.

आमच्या तालमीत वस्तादांनी पहिले चार महिने डावच शिकवला नाही. आखाडा खणा, माती चाळा, तेल-ताक-हळद टाका, जोर-बैठका मारा. मग जोडीला धरलं. आणि जोडी म्हणजे काय, समोरचा तुम्हाला पाडायलाच उभा असतो. तो काही "आता तुझा नंबर" म्हणून हात पुढं करून थांबत नाही. रोज शंभर वेळा कोणीतरी मानगुटीला हात घालतो, मनगट धरतो, कमरेत शिरतो. रस्त्यावर कोणी कॉलर धरली तर त्यात नवं काय?

यात्रेच्या दंगलीत नारळावरची कुस्ती खेळलेलं बारकं पोर घ्या आणि तुमचा ब्लॅक बेल्ट घ्या. मी पोरावर पैसे लावीन.

उकेमी | ११:०३

लालमाती यांच्या निम्म्या म्हणण्याला +१. मी ज्युदोवाला, त्यामुळे बाजू घेतो आहे हे आधीच कबूल.

कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोदोकान सुरू केलं, तेव्हा त्यांनी जुन्या जुजुत्सूतले डोळे फोडणे, बोटं मोडणे असले प्रकार जोराच्या सरावातून बाहेर काढले. वरवर पाहता कला बोथट झाली. पण उरलं ते रोज, पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या माणसावर करता येऊ लागलं. त्याला रँडोरी म्हणतात. डोळ्यात बोट घालण्याचा सराव कुणी खऱ्या डोळ्यावर करतं का? मग ऐनवेळी ते जमेल कशावरून? याउलट ढाक किंवा टांग हजारदा मारलेली असते.

म्हणून प्रश्न कराटे की कुस्ती असा नाहीच. समोरचा खरोखर विरोध करतो का, एवढंच बघा. क्युकुशिनसारख्या पूर्ण संपर्काच्या कराटेत लोक एकमेकांना चांगले कुटतात.

डेक्कनवरून | ११:१०

१९९३ साली अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या शैलीच्या लढवय्यांची स्पर्धा, झाली. त्यात रॉइस ग्रेसी नावाचा सडपातळ माणूस सगळ्यांना जमिनीवर नेऊन जिंकला, तिथंच हा वाद मिटला. ब्राझिलियन जिउ-जित्सू लावा. पुण्यात चांगले क्लास आहेत.

बेचाळीस अंश | ११:१४

पुण्यात चांगलं काय नाही? :) भुसावळचा माणूस गुंडाला म्हणणार का, "थांब रे भो, पुण्याहून शिकून येतो"?

निवृत्त खाकी | मंगळवार, सकाळी ७:२०

सगळे प्रतिसाद वाचले. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत मिळून एकतीस वर्षं नोकरी झाली, म्हणून चार शब्द.

जमिनीवर नेण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एक सांगावं. धागाकर्त्यानं लिहिलंय पोरं दोन होती. तुम्ही एकाला खाली घेऊन त्याचा हात मुरगाळत बसलात, दुसरा काय टाळ्या वाजवत उभा राहील? तो डोक्यात लाथ घालतो. यूएफसीत मित्र आत येत नाहीत, खाली मऊ गादी असते आणि खिशात चाकू नसतो. रस्त्यावर डांबर असतं.

चाकूचं तर बोलूच नका. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलिसानं १९८३ साली मोजून दाखवलं, की २१ फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला शिकलेल्या पोलिसाला तेवढाच वेळ लागतो. तुम्ही रिकाम्या हातानं त्याचं मनगट पकडणार? क्लासमध्ये लाकडी चाकू घेऊन पोरगं एकदाच हात पुढं करतं आणि तसाच ठेवतं. खरा भोसकणारा शिवणाच्या मशीनसारखा मारतो. मी पंचनामे केले आहेत.

पाकीट, मोबाईल एकीकडं फेकायचा, आपण दुसरीकडं पळायचं. मग ११२.

आखाजी | ८:०५

खाकी आप्पा, आमनी आजी तेच सांगे. मारामारी करानी नही, पयी जावानं. जीव वाचना ना, बस!

लालमाती | ८:३१

आप्पा, तुमचा मान ठेवून सांगतो, पळायलाही दम लागतो. आजकालच्या पोरांना जिना चढवत नाही. तालमीचं हेच, मारायचं नसेल तर पळायला तरी छाती पाहिजे.

निवृत्त खाकी | ८:३८

हे मात्र मान्य. लावा पोरांना पळायला.

अपघातविभाग | दुपारी २:५०

रात्रपाळी करून उठलोय, त्यामुळे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

मारामारीचे पेशंट रोज बघतो. हरलेले येतात तसे जिंकलेलेही येतात, हे कुणी सांगत नाही. जिंकलेल्याची ठरलेली दोन दुखणी. पहिलं, करंगळीच्या मुळामागचं तळहाताचं हाड. मूठ वळून कवटीवर किंवा जबड्यावर मारली की ते मोडतं. याला आम्ही बॉक्सर फ्रॅक्चर म्हणतो, पण मुरलेल्या बॉक्सरला ते क्वचितच होतं, कारण त्याला कुठल्या बोटांनी मारायचं ते माहीत असतं. दुसरं, मुठीच्या सांध्यावर दोन-तीन मिलिमीटरची बारीक जखम. समोरच्याचा दात लागलेला. पोरगं म्हणतं, काही नाही डॉक्टर, खरचटलंय. दोन दिवसांनी हात भजीसारखा सुजून परत येतं. तोंडातले जंतू सांध्यात गेलेले असतात. ऑपरेशन टेबलवर घेऊन सांधा धुवावा लागतो. कधी बोट आखडतं ते कायमचं.

एक ठोसा, माणूस मागं पडला, डोकं रस्त्याच्या कडेवर आपटलं, मेंदूत रक्तस्राव, संपलं, असंही पाहिलं आहे. मारणारा तेवीस वर्षांचा. तो बाहेरच्या बाकावर बसून "मी फक्त एकच मारली" हे पुन्हा पुन्हा सांगत होता. भांडण पार्किंगवरून.

आता मूळ धागा. गिरणाकाठ, तुम्हीच लिहिलेलं परत वाचा. "सायकल सोडून दोन पावलं मागं सरकली." अहो, यालाच तर शिकलेलं म्हणतात! न शिकलेली पोरगी सायकलचं हँडल घट्ट धरून ओढाताण करत बसते. मी तुमच्या जागी असतो तर त्या रात्री आइस्क्रीम आणलं असतं. आणि हात गार पडणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. अॅड्रेनलिन सुटलं की कातडीकडचं रक्त आत मोठ्या स्नायूंकडे वळतं. बोटं गार पडणारच.

गिरणाकाठ | ३:१५

डॉक्टर, हे वाचून थोडा शरमलो. त्या दृष्टीनं पाहिलंच नव्हतं.

पॅसेंजरवाली | ५:४२

अमळनेर ते जळगाव, सुरत-भुसावळ पॅसेंजरनं सहा वर्षं अपडाऊन केलं. कुस्ती, कराटे, काही येत नाही. तरी माझा अनुभव ऐका.

गर्दीत एक माणूस रोज मागं येऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी वाटलं गर्दी आहे. दुसऱ्या दिवशी मी पर्स मध्ये धरली. तिसऱ्या दिवशी कळलं, हा पर्सच्या बाजूनं येतो. धरणगाव येईपर्यंत मी नुसती घाम पुसत होते. मनात हजार वाक्यं तयार, घशातून एक निघेना. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, डबा बदल.

ऑफिसातल्या एका मोठ्या ताईंनी युक्ती सांगितली. नुसतं "अहो, नीट उभे राहा" असं म्हणायचं नाही. कपडे सांगायचे. चौथ्या दिवशी मी मान वळवून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "निळा चौकडीचा शर्ट, हात बाजूला घे!" अहो-जाहो नाही. सगळ्या माना निळ्या शर्टाकडं वळल्या. त्याला "कोणाला बोलता?" म्हणायचीही सोय उरली नाही. पाळधीला उतरला, त्याचं स्टेशन नसताना.

तो आवाज काढायला मला चार दिवस लागले. हे कुठल्या क्लासात शिकवतात?

तापीतीर | ६:०१

"निळा चौकडीचा शर्ट" लक्षात ठेवलं. दंडवत, ताई.

भरीतप्रेमी | ६:०४

आज ऑफिसला निळा चौकडीचा घालून गेलो होतो. आता कपाटात खाली ठेवला. हलकं घ्या.

केळीबाग | रात्री ९:३०

आमच्याकडं रावेर भागात सेल्फ डिफेन्स म्हणजे काठी आणि बॅटरी. लाईट रात्रीची असते, मोटार चालू करायला बाराला बागेत जावं लागतं. केळीत दहा फुटांवरचं दिसत नाही. बिबट्या असतो, रानडुक्कर असतं, कधी केबल चोरणारे असतात. बिबट्याला बेल्टचा रंग दाखवून उपयोग नाही.

काठी फिरवता आलीच पाहिजे असंही नाही. काठी आपटत, मोठ्यानं बोलत, मोबाईलवर गाणी लावून जायचं. जनावर आपसूक बाजूला होतं. चोरही होतो, त्याला भांडायचं नसतं, केबल न्यायची असते. वडील म्हणायचे, आपण आलोय हे आधी कळू द्यायचं.

बेचाळीस अंश | ९:४१

जाता जाता, पेपर स्प्रे कोणी वापरला आहे का? बायकोनं मागवला, स्कूटीच्या डिक्कीत ठेवला. डबीवर लिहिलंय ५० अंशांच्या वर ठेवू नका. मे महिन्यात भुसावळात उन्हात उभ्या स्कूटीची डिक्की! काढून फ्रिजमध्ये ठेवला. आता चोर घरात आला आणि थेट फ्रिजपाशी गेला तरच उपयोग.

अपघातविभाग | ९:५८

चालतो, पण वाऱ्याची दिशा बघून. स्वतःच्याच डोळ्यांत मारून घेतलेले दोन आले होते. आणि तो हातात हवा. पर्सच्या तळाशी, लिपस्टिक आणि चाव्यांच्या खाली असेल तर नसल्यातच जमा.

काळा कोट | बुधवार, सकाळी १०:१०

धुळे कोर्टातून. बायकांना "मारून टाक" आणि पोरांना "हात उचलू नकोस" असं सांगणाऱ्यांसाठी कायदा थोडक्यात, कारण अर्धवट माहितीनं माझ्याकडं येणारे बरेच आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या आयपीसीत कलम ९६ ते १०६ होती, ती आता ३४ ते ४४. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्याही शरीराच्या बचावासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. दुसऱ्याच्याही, हे लक्षात घ्या. मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, अॅसिड फेकलं जाण्याची वाजवी भीती असेल तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ संरक्षण देतं. मार खाल्ल्यावरच हात उचलायचा असंही नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो.

पण ती भीती संपली की हक्कही संपतो. इथंच लोक अडकतात. पोरगा खाली पडला, मोबाईल सोडून पळायला लागला आणि तुम्ही मागं धावून पाठीत रॉड घातलात, की बचाव राहिला बाजूला, आरोपी तुम्ही. शिवाय कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. माझ्या एका अशिलानं चोराला विजेच्या खांबाला बांधून अख्ख्या गल्लीकडून मारवलं. चोर सुटला, हे अजून तारखा करताहेत.

लालमाती | १०:३२

म्हणजे डाव टाका, पण चीतपट झाल्यावर सोडा. कुस्तीचा नियमच झाला की!

काळा कोट | १०:३६

अगदी बरोबर. तुमचे वस्ताद वकील शोभले असते.

डेक्कनवरून | ११:२०

चर्चा भरकटते आहे. शास्त्रीय पुरावा काय आहे? आणि तुलना कोण करणार? सगळे आपापले किस्से सांगताहेत.

सातपुडा | दुपारी १:०५

पुरावा मागितलात म्हणून. मी कॉलेजवर शिकवते, आमच्या मुलींसाठी कार्यशाळा घ्यायची होती तेव्हा शोधलं होतं.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ मुली घेतल्या. निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण, तीन-तीन तासांच्या चार बैठका. उरलेल्यांना माहितीपत्रकं. वर्षभरानं तपासलं. पत्रकवाल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के, प्रशिक्षणवाल्या गटात ५.२ टक्के. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं.

म्हणजे उपयोग होतो, आणि तोही बारा तासांत. पण त्या बारा तासांत काय होतं ते बघा. लाथाबुक्क्या हा एक छोटा भाग. बराचसा वेळ कशावर, तर ओळखीचा माणूस हळूहळू मर्यादा ओलांडतो आहे हे लवकर ओळखणं, "त्याला वाईट वाटेल" हा आपल्याच मनातला अडसर काढणं आणि स्पष्ट नाही म्हणणं.

आपल्याकडंही एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाचे, अहवाल काढून बघा. बलात्काराच्या गुन्ह्यांत वर्षानुवर्षं दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचाच. आपण मुलींना तयार करतो अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसासाठी. लग्नघरात चहा देताना हात धरून ठेवणाऱ्या लांबच्या मामासाठी कोण तयार करतं? तिथं कोणती लाथ घालणार?

पॅसेंजरवाली | १:२२

शेवटच्या ओळीला शंभर वेळा +१. तो मामा प्रत्येक घरात असतो.

तापीतीर | १:४०

आणि त्याला नमस्कार करायला पोरीला आपणच पुढं ढकलतो.

आखाजी | १:५५

हाऊ मुद्दा भारी शे ताई. यानावर कोणी बोलस नही.

डेक्कनवरून | २:१०

धन्यवाद, सातपुडा. हे माहीत नव्हतं. जिउ-जित्सूचा आग्रह थोडा सैल करतो. थोडाच.

उकेमी | संध्याकाळी ७:१५

अवांतर. बावीस वर्षं ज्युदो केला, रस्त्यावर एकदाही कुणाशी हातापायी झाली नाही. पण मागच्या पावसाळ्यात पाचोऱ्याहून येताना पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल गेली आणि मी वरून उडालो. काय झालं ते आठवत नाही. उठलो तेव्हा हनुवटी छातीला चिकटलेली, एक हात जमिनीवर आपटलेला आणि मी खांद्यावरून लोळून गुडघ्यावर बसलेलो. पडायचं कसं हेच ज्युदोत सगळ्यात आधी शिकवतात. मागं बसलेल्या मेव्हण्यानं पडताना हात टेकवला, त्याचं मनगट गेलं.

हिशोब केला तर रस्त्यावर आपल्यावर गुंडांपेक्षा खड्डेच जास्त वेळा हल्ला करतात.

बेचाळीस अंश | ७:२०

खड्ड्यावर बचावाचा हक्क कुठल्या कलमात येतो, वकीलसाहेब?

काळा कोट | ७:३३

वकीलबाई. आणि खड्ड्याविरुद्ध तारखाच पडतात.

पांढरा पट्टा | रात्री १०:२६

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मी कराटे शिकवतो, इथंच जिल्ह्यात, सोळा वर्षं. लालमाती यांचं पहिलं वाक्य टोचलं, पण खोटं आहे असं म्हणता येत नाही.

आमच्याकडं पालक काय मागतात ते सांगतो. पट्टा कधी मिळेल? क्रीडागुणांचं प्रमाणपत्र मिळेल ना? फोटो ग्रुपवर टाका. मुलाला लागायला नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एकाचं नाक फुटलं तेव्हा त्याच्या आईनं माझ्या घरी येऊन माझ्या आईला सुनावलं. त्या महिन्यात नऊ मुलं गळली. मग आम्ही काय करतो, काता (ठरलेल्या हालचालींची मालिका) बसवतो, जत्थ्यानं हात-पाय हलवतो, गुणांचं कुमिते (जोडीची लढत) खेळतो. त्यात हलका स्पर्श झाला की पंच थांबवतो. मुलं थांबायलाच शिकतात. चूक आमची आहेच. पण पोटही क्लासवरच आहे.

दोन वर्षांपूर्वी एक बदल केला. महिन्यातून एका रविवारी गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, घालायचा नाही. रोजच्या कपड्यांत, चपला, पाठीवर दप्तर, ओढणी असेल तर ओढणी. क्लासमध्ये नाही, मागच्या पार्किंगमध्ये. एक मोठा मुलगा येतो, अंगावर ओरडतो, दप्तर ओढतो. पहिल्या रविवारी ब्लॅक बेल्ट झालेली एक मुलगी दप्तराच्या पट्ट्यात अडकून उभीच राहिली. तिच्या राउंडहाऊस किकला जागाच नव्हती, मागं स्कूटर होती.

त्याहून जड गेलं ते ओरडणं. मी म्हटलं, फक्त मोठ्यानं "मागं हो" म्हणा. किआईचा, म्हणजे कराटेतल्या आरोळीचा, आवाज काढताना छत हलवणाऱ्या पोरी, पण "मागं हो" म्हणायला गेल्या की खुदकन हसायच्या, नाहीतर आवाज पुटपुटल्यासारखा. एकीनं तर "मागं व्हा ना" म्हटलं. घरात बारा वर्षं "हळू बोल" ऐकलेलं असतं, ते एका रविवारी कुठून जाणार? आता पाचव्या-सहाव्या वेळेला आवाज निघतो.

गिरणाकाठ, तुमची मुलगी कुठल्या क्लासला जाते ते विचारत नाही. पण तिचे सर असला रविवार करत नसतील तर त्यांना सांगा. आणि तोवर तिला माझ्याकडच्या रविवारी पाठवा. फी नाही.

लालमाती | १०:४०

सर, हवेतले हातवारे हे शब्द मागं घेतो. तुमच्या पार्किंगला येऊन दप्तर ओढायचं काम करू का? मला दोन रविवार मोकळे असतात.

पांढरा पट्टा | १०:४४

या. पण हळू ओढा.

निवृत्त खाकी | १०:५०

मी शिव्या द्यायला येतो. एकतीस वर्षांचा साठा आहे.

सातपुडा | १०:५७

याची तारीख कळवा. कॉलेजच्या दहा मुली घेऊन येते, आणि शक्य झालं तर त्यांच्या आयांनाही.

भरीतप्रेमी | ११:०२

कार्यक्रमानंतर भरीत आणि कळण्याची भाकरी माझ्याकडून. हिरवी वांगी बामणोदची.

केळीबाग | ११:०५

भरीताला वांगी भाजायला तूरकाठ्या मी आणतो. गॅसवर भाजलं तर मी सेल्फ डिफेन्समध्ये उठून जाईन.

तापीतीर | ११:१२

धाग्याचं भरीत झालं. गिरणाकाठ कुठं गेले?

गिरणाकाठ | गुरुवार, रात्री ९:२०

इथंच आहे. मंगळवारी डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला तेव्हाच पोरीशी बोलायचं ठरवलं, पण धीर व्हायला आजचा दिवस उजाडला. जेवण झाल्यावर आधी मी माफी मागितली, लाथेच्या वाक्याबद्दल. मग पॅसेंजरवाली ताईंचा निळा शर्ट वाचून दाखवला. हसली. आठवड्याभरात पहिल्यांदा.

मग म्हणाली, "पप्पा, मला काही सुचत नव्हतं असं नाही. त्याचा गुडघा माझ्यासमोरच होता. मारता आली असती."

मी म्हटलं, मग?

"क्लास संपताना आम्ही रोज शपथ घेतो ना. क्लासच्या बाहेर कुणावर हात उचलणार नाही. मी विचार करत होते की हे चालतं का."

अंधाऱ्या गल्लीत, समोर दोन टवाळ पोरं, आणि ही नियम आठवत होती. चार वर्षांत ती शपथ मी हजारदा ऐकली असेल, क्लासच्या बाहेर गाडीवर बसून. कधी वाटलं नाही की आत कुणी ती खरी धरून चाललं असेल. घरी आल्यावर मी म्हणालो की मारायला हवं होतं. म्हणजे सर म्हणतात मारू नको, बाप म्हणतो का मारलं नाहीस. क्लासला जायचं तिनं का टाळलं ते तेव्हा कळलं.

काळा कोट ताई, तुमचा प्रतिसाद तिनं स्वतः दोनदा वाचला. "वाजवी भीती" म्हणजे काय ते मला विचारत होती. मला नीट सांगता आलं नाही, तुम्ही सांगाल का?

काळा कोट | ९:३१

अवश्य. रविवारी भरीतावर सांगते, तिला वही घेऊन यायला सांगा. तोवर एवढंच सांगा, की त्या गल्लीत तिला जे वाटलं ते वाजवीच होतं.

पांढरा पट्टा | ९:५०

शपथ आम्हीही घेतो. तेच शब्द. सोळा वर्षांत एकाही मुलानं मला विचारलं नाही की अपवाद कुठला.

उद्या सकाळच्या बॅचला विचारतो, कुणाकुणाला असंच वाटतं.

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री ८:४०

क्लास बंद करत नाही. रविवारी पार्किंगला आम्ही दोघंही येतो आहोत.

काल रात्री गच्चीवर "मागं हो"चा सराव केला. पहिल्या तीनदा हसली. चौथ्यांदा असा आवाज निघाला की मीच दोन पावलं मागं सरकलो. पाचव्यांदा शेजारचे तात्या बनियनवर, हातात काठी घेऊन जिना चढून वर आले आणि विचारू लागले, कुठं आहे तो?